तिसऱ्या ढोलाची पोच

धाकू,

तुझ्या अंगणातला ढोल आज नववा दिवस खुंटीवर आहे. तू गेलास त्या दुपारी तुझ्या थोरल्याने तो भिंतीकडे तोंड करून टांगला आणि मला म्हणाला, "गुरुजी, दहा दिस आता याला हात नाय." मी मान हलवली. त्याला ते नेहमीचं वाटलं असेल, घरात माणूस गेलं की सांगतात तसं. मला मात्र ओटीची पायरी धरून खाली बसावं लागलं. लोकांनी मला पाणी दिलं. त्यांना वाटलं, गुरुजींना तुझं फार लागलं. लागलंच होतं रे. पण मी बसलो त्याचं कारण दुसरं होतं आणि ते या गावात मला एकट्यालाच ठाऊक आहे, असं मी त्या दिवसापर्यंत धरून चाललो होतो.

तू वयाने माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठा. तरी मी तुला अरेतुरे करायचो आणि तू मला अहोजाहो. मी शाळामास्तर, तू आटगाव स्टेशनावर रुळांचे सांधे बदलून पेन्शनीत निघालेला सांधेवाला. तेव्हा हे कोणाला खटकत नसे, मलाही नाही. आता लिहायला बसल्यावर खटकतं आहे. पण आता तुला 'तुम्ही' म्हणायला गेलो तर तूच हसशील, म्हणून राहू दे.

पहिल्या भेटीत मी तुला पोपट म्हटलं होतं, आठवतं? डोळखांबच्या वरच्या अंगाला एक अख्खा पाडा जळून गेला होता आणि शहापूरला बातमी दुसऱ्या दिवशी पोचली होती. मग पाच गावच्या पंचायतींनी मिळून कमिटी केली. मुरबाडकडचे एक भातगिरणीवाले शेठ अध्यक्ष आणि मी चिटणीस, कारण माझं अक्षर चांगलं. वरच्या पाड्यांपासून थेट आटगावजवळच्या तुझ्या घरापर्यंत सात ढोल बसवायचे. सलग ठोके म्हणजे आग, दोन-दोन ठोके म्हणजे माणूस अडलं आहे, गाडी पाठवा. तुझ्या अंगणात कमिटीची दमणी आणि बैलजोडी सदा तयार. ती वर जाणार, माणसाला घेऊन शहापूरच्या दवाखान्यात आणणार. हे सगळं मी तुला समजावून सांगत होतो आणि तू प्रत्येक वाक्य जसंच्या तसं मला परत म्हणून दाखवत होतास. "दोन-दोन ठोके म्हंजे गाडी पाठवा. बरं. सलग म्हंजे आग. बरं." चौथ्या वाक्याला मी वैतागलो आणि म्हणालो, धाकू, तू काय पोपट आहेस का?

तू चुन्याची डबी काढलीस, तंबाखू मळलीस आणि शांतपणे सांगितलंस की स्टेशनावर तीस वर्षं हेच केलं. पुढच्या स्टेशनाने 'ये' म्हटल्याशिवाय गाडी सोडायची नाही. आपण सांगितलं म्हणजे त्याला कळलं असं नसतं, तो परत बोलला म्हणजे कळलं. त्याला तू पोच म्हणायचास. टपालाची पोच असते तशी, ढोलाची पोच.

मला ते पटलं होतं. खरं सांगतो, पहिल्या दिवशी मला ते फार आवडलं होतं. म्हणून तर नियमांच्या पहिल्या खर्ड्यात मी पोच घातली. ढोल पुढे गेला की प्रत्येकाने मागच्याला एक लांब ठोका परत द्यायचा. सात ढोलांतले सहा तसेही एकमेकांना ऐकू यायचे. अडचण होती ती तिसऱ्याची, गोमाच्या पाड्याची. तो पाडा खिंडीवर. दुसऱ्या ढोलाचा आवाज त्याला घरात बसून ऐकू येई, पण चौथ्याला ऐकवायचं तर ढोल खांद्यावर घेऊन खिंड ओलांडून पलीकडच्या अंगाला जावं लागे. तिथे वाजवलेलं मागे दुसऱ्याला काही ऐकू येत नसे, मधे डोंगराची सोंड. म्हणजे गोमाने पुढे कळवलं की नाही हे मागच्यांना कळायला एकच वाट होती. त्याने पुन्हा खिंड चढून इकडे यायचं आणि पोच द्यायची.

आणि आम्ही ती पोच बंद केली.

मी केली, असं लिहायला हवं. ठरावाचा मजकूर माझा आहे. लावणीच्या दिवसांत एकदा ढोल वाजला, मग पोचेचे ठोके वाजले, बायका चिखलातून दोनदा धावत बांधावर आल्या, एकीचा पाय मुरगळला. पंचायतीकडे तक्रारी आल्या. ढोलवालेही कुरकुरत होते. अध्यक्ष म्हणाले, हे दुहेरी झंझट कशाला? मी लिहिलं, 'परतीच्या ठोक्यांमुळे लोकांत विनाकारण घबराट होते, सबब ते बंद करण्यात येत आहेत.' 'सबब' लिहिताना मला बरं वाटलं होतं. सरकारी कागदासारखं दिसत होतं.

तू दाराशी उभा होतास. तू कमिटीचा माणूस नव्हतास, नोकर होतास, तुला मत नव्हतं. तरी तू म्हणालास, "बाकी ठिकानी नको तर नको. खिंडीवर तरी ठेवा."

मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा. एकाला वेगळा नियम लावला तर उद्या सातही जण वेगळा मागतील.

"मंग ढोल पुढं गेला का तिथंच मेला, ते मागच्यांना कसं कळायचं?"

मी म्हणालो, त्यासाठी तर मी दर महिन्याला तपासणीला जातो. तू माझ्याकडे बघितलंस आणि ज्या वाक्याने पुढे मला कित्येक वर्षं छळलं ते वाक्य अगदी साध्या आवाजात, टोमणा न मारता बोललास. "गुरुजी, आमच्यावर तुमी लक्ष ठेवता. तुमच्यावर कोन ठेवतं?"

अध्यक्ष हसले. मीही हसलो.

आता इथपर्यंतचं तुला ठाऊकच आहे. पुढचं, मला वाटत होतं, तुला ठाऊक नाही.

लढाईच्या आदल्या साली, कापणीच्या सुमारास, ठाण्याहून एक साहेब आमची ढोलांची साखळी बघायला येणार असं ठरलं. अध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं, वही चोख पाहिजे. मी सातही पाडे फिरलो. कुठे चामडं सैल होतं, कुठे टिपऱ्या मोडलेल्या होत्या, ते दुरुस्त करवून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गोमाकडे पोचलो तर अंगणात गोमा डोकं भादरून बसलेला. त्याचा बापूस आदल्या दिवशी गेला होता. मी टेकलो, दोन शब्द बोललो. सुतकाच्या घरचं पाणी घ्यायचं नाही म्हणून तहान लागली होती तरी घेतलं नाही. उठताना गोमा म्हणाला की गुरुजी, दहा दिवस मी चामड्याला हात लावायचो नाही, आमच्या भावकीत रीत आहे. पाडा सगळा आमच्याच भावकीचा, म्हणजे कोणीच लावायचं नाही. पलीकडच्या पाड्यावरचा कोणी माणूस तेवढे दिवस खिंडीत बसवा.

मी म्हणालो, बरं, बघतो.

बघतो म्हणालो, धाकू. आणि खिंड उतरता उतरता माझ्या मनात हिशेब सुरू झाला. वहीत लिहायचं म्हटलं तर 'तिसरा ढोल बंद' असं लिहावं लागणार. चार दिवसांनी साहेब तेच पान उघडणार. अध्यक्ष म्हणणार, मास्तर, ऐन वेळी हे काय. दुसरा माणूस बसवायचा तर कमिटीची संमती, त्याला ठोके शिकवणं, पुन्हा दोन दिवसांची पायपीट. आणि मुळात दहाच दिवस. साखळी बसवल्यापासून ढोल वाजायचा तो महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. दहा दिवसांत काय होणार आहे?

घरी आलो आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सातही ढोल सुस्थितीत व चालू. माणसे हजर.' खाली तारीख घातली, सही केली.

साहेब आले, वही बघितली, चांगलं काम चाललं आहे म्हणून निघून गेले. अध्यक्ष खूश. माझा जीव भांड्यात पडला. आणि त्यानंतर दोन दिवसांनी वरच्या पाड्यावर तुळसा बाळंत झाली.

तुळसा तुझ्या बहिणीची सून. सकाळी मुलगी झाली, मुलगी धडधाकट, पण तुळसाचं रक्त थांबेना. सुईणीने हात टेकले. पहिल्या ढोलाने दोन-दोन ठोके दिले, दुसऱ्याने उचलले. दुसऱ्याला वाटलं, गेलं पुढे. वर तुझ्या बहिणीला वाटलं, धाकू आता बैल जुंपत असेल. त्यांनी तिला उचलून आणायची घाई केली नाही, कारण हलवलं की जास्त जाईल असं सुईण म्हणत होती आणि गाडी येणारच होती. दुपार कलली तरी गाडी येईना तेव्हा चौघांनी तिला घोंगडीच्या झोळीत घातलं आणि चालत निघाले. ती गोमाच्या खिंडीत दगावली. ज्या जागी उभं राहून तो पलीकडे ढोल द्यायचा तिथेच त्यांनी झोळी खाली ठेवली.

तू त्या वेळी अंगणात होतास. बैल सावलीत बांधलेले, दमणी पुसलेली. तू तिथे बसून चऱ्हाट वळत होतास आणि तुला काहीही ऐकू आलं नव्हतं. मी तुला नंतर कितीदा तरी त्याबद्दल बोलताना ऐकलं आहे. रागाने नाही. "मी बसलो व्हतो रे. नुसता बसलो व्हतो." एवढंच म्हणायचास.

डॉक्टरांना मी पुढे एकदा विचारलं, दुपारच्या आत आणली असती तर? ते म्हणाले, कदाचित वाचली असती, सांगता येत नाही. या 'सांगता येत नाही'च्या आडोशाला मी नऊ वर्षं राहिलो.

कमिटीची चौकशी झाली. गोमाला बोलावलं. भादरलेल्या डोक्यावर केसांची खुंटं आलेली, हात जोडून उभा. अध्यक्षांनी विचारलं, ढोल का दिला नाहीस? तो म्हणाला, सुतक होतं. मग कळवायचं नाही का? तो म्हणाला, "कळवलं व्हतं." कोणाला? गोमाने माझ्याकडे बघितलं. मी वहीवर मान घालून त्याची जबानी लिहून घेत होतो. टाक थांबला होता, पण मान मी वर केली नाही. मग गोमा म्हणाला, "आठवत नाय."

त्याचे दोन मुलगे माझ्या शाळेत होते. गुरुजींना चारचौघांत खोटं कसं पाडायचं, एवढाच विचार त्याने केला असेल. आणि मी मूग गिळून बसलो. कमिटीने त्याला काढलं. माझ्याच हाताने ठराव लिहिला. तू दाराशी उभा होतास आणि पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोललास की त्याचा बापूस मेला होता, माणूस रीत पाळणार नाही तर काय करील, ही गोष्ट कमिटीला सुचायला हवी होती. प्रत्येक ढोलामागे दोन वेगवेगळ्या भावक्यांची घरं ठेवा, असं तूच सुचवलंस. आणि पोच पुन्हा चालू करा. कमिटीने दोन्ही गोष्टी मान्य केल्या. तुळसा जायच्या आधी सुचवल्या असत्या तर त्यांना त्या खर्चिक आणि फालतू वाटल्या असत्या.

गोमाच्या दारावरून जाताना लोक तोंड फिरवायला लागले. वर्षाच्या आत तो बायकोच्या माहेरी, धसईला निघून गेला.

मग लढाईची वर्षं. तेव्हा आपलं दुसरं भांडण सुरू झालं, जे अजून संपलेलं नाही आणि आता मला एकट्यालाच चालवायचं आहे. डोळखांबच्या चावडीत बॅटरीवरचा रेडिओ आला आणि तो सांभाळायचं काम कमिटीकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. मला कोण आनंद! संध्याकाळी चावडी माणसांनी भरायची. लढाईच्या बातम्या, भाताचे भाव, पटकीची साथ आली की पाणी उकळून प्या म्हणून सूचना. मी तुला मुद्दाम बोलावून आणलं. तू डोळे मिटून, कानामागे हात धरून सगळं ऐकलंस. मी म्हटलं, बघ धाकू, मुंबईत बोललेलं इथे त्याच क्षणी. आता तुझ्या ढोलांची काय गरज?

तू रेडिओच्या मागे गेलास, वाकून बघितलंस, पुढे आलास.

"आपन ह्याला काय सांगायचं झालं तर?"

म्हटलं, याला सांगता येत नाही, हा फक्त बोलतो.

"मंग हा अध्यक्षांसारखाच," तू म्हणालास. चावडीत हशा पिकला. अध्यक्ष नव्हते म्हणून बरं.

पण तू थट्टा करून सोडलं नाहीस. लष्कराकडे दोन्ही बाजूंनी बोलणारी बिनतारी यंत्रं असतात हे तू स्टेशनावरून जाणाऱ्या सोल्जरांच्या गाड्यांमध्ये कोणाकडून तरी ऐकून आलास आणि माझ्या मागे लागलास. एक यंत्र वर, एक शहापूरला, लिहा अर्ज. मी म्हणायचो, अरे लढाई चालू आहे, आपल्याला कोण देतंय? तू म्हणायचास, नाही देणार, पण मागितलं होतं हे तरी कुठे लिहिलेलं राहील. मी पाच अर्ज लिहिले. प्रत्येक अर्जाच्या शेवटी 'पोच द्यावी' हे तू माझ्याकडून लिहवून घेतलंस. एकाच अर्जाचं उत्तर आलं. अर्ज मिळाला, एवढंच त्यात लिहिलेलं. तू तो कागद हातात धरून इतका हसलास की ठसका लागला. सरकारसुद्धा पोच देतं, म्हणालास, फक्त आपले गुरुजी देत नाहीत.

मी त्या वेळी हसलो होतो. मला वाटलं, जुन्या ठरावावरून चिडवतो आहेस.

रेडिओ आल्यावर कमिटीने ढोलांकडे कानाडोळा केला. तपासणी सुटली, वही पेटीत गेली. तू मात्र सोमवार सोडला नाहीस. दर सोमवारी सकाळी तुझ्या अंगणातून एक लांब ठोका, मग एकामागून एक वर जात सात, आणि मग एकेक करत पोच खाली येत तुझ्यापर्यंत. खिंडीतल्या नव्या माणसाला धाप लागलेली असली की पोच उशिरा यायची. तू तिथेच उभा राहायचास. मी एकदा म्हटलं, अरे बस की, येईल. तू म्हणालास, "आल्याबिगर बसायचं नाय, गुरुजी."

आपल्यात अजून एक सवय पडली होती. शाळा सुटल्यावर तुझ्या ओटीवर मी यायचो, तू सुपारी कातरायचास, इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं. मधेच तू विचारायचास, तुळसा गेली त्या साली खिंडीत तपासणीला तुमी कधी गेलतात? मी म्हणायचो, कधीतरी गेलो असेन, कापणीच्या दिवसांत. तू 'बरं' म्हणून पुन्हा सुपारी कातरायला लागायचास. पुन्हा सहा महिन्यांनी तोच प्रश्न. मला वाटायचं, म्हातारा झाला, विसरतो. गेल्या वर्षी स्वराज्य आलं त्या दिवशीही विचारलंस. शाळेवर झेंडा लावून मी तुझ्याकडे आलो होतो, मुलांना वाटलेले पेढे घेऊन. पेढा तोंडात टाकून तू म्हणालास, आता कमिटी आपलीच, सरकार आपलंच, आता कुणाची भीती? आणि मग तोच प्रश्न. मी पेढ्यांचा कागद चुरगळत बसलो आणि शाळेत काम आहे म्हणून उठलो. तू मला वेशीपर्यंत सोडायला आलास. आपण शेवटचं नीट बोललो ते तेव्हाच.

नऊ दिवसांपूर्वी ओटीवर बसल्या बसल्या तुझ्या छातीत कळ आली. मुलांनी दमणीत घातलं, शहापूरला नेलं. डॉक्टरांनी हात लावायच्या आधीच तू गेला होतास. मी पोचलो तोवर तुला परत आणलं होतं आणि ढोल भिंतीकडे तोंड करून टांगला जात होता.

पायरीवरून उठल्यावर मी एक काम केलं. त्याच दुपारी वरच्या सहाही पाड्यांना निरोप पाठवला की शेवटचा ढोल दहा दिवस बंद, धाकूच्या घरात सुतक. दुसऱ्या भावकीचं म्हणून ठरलेल्या शेजारच्या घरात वेगळा ढोल ठेवला. दिवस मावळायच्या आत हे सगळं झालं. इतकं सोपं होतं ते, धाकू. नऊ वर्षांपूर्वीही एवढंच सोपं होतं. निरोप गेल्यावर मी घराच्या मागे जाऊन रडलो. तुझ्यासाठी की तुळसासाठी की माझ्यासाठी, मला वेगळं करता येत नाही.

पण शेजाऱ्याला ठोके नीट जमेनात. सात पाड्यांत सगळ्यांत स्वच्छ हात कोणाचा होता हे तुलाही माहीत आहे. चौथ्या दिवशी मी चालत निघालो, काळू नदी उतरून धसईला गेलो. बाजाराचा दिवस होता. भाताच्या पोत्यांच्या रांगेत गोमा सापडला, पाठीवर पोतं, डोकं आता खरंच पांढरं. मला बघून त्याने पोतं खाली ठेवलं आणि सवयीने हात जोडले.

मी तिथेच, बाजारात, उभ्या उभ्या सांगितलं. तू मला सांगितलं होतंस, मी बघतो म्हणालो होतो, मी बघितलं नाही, वहीत खोटं लिहिलं, चौकशीत मान वर केली नाही. वाक्यं पाठ केल्यासारखी आली. नऊ वर्षं पाठच करत होतो.

गोमाने सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशी दुसरा ढोल त्याने ऐकला होता, हे मला तेव्हा कळलं. ऐकला आणि तो निवांत बसून राहिला, कारण गुरुजींनी खिंडीपलीकडे माणूस बसवला असणार याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती. मला खाली बसावंसं वाटलं. पण तो उभा होता म्हणून मीही उभा राहिलो.

मग तो म्हणाला, "धाकूदाला ठाव व्हतं."

मी विचारलं, काय ठाऊक होतं?

"समदं. मला काढलं त्याच्या दुसऱ्या दिशी आलता. बापूस कंदी मेला ते इचारलं, तुमी कंदी आलता ते इचारलं. तुमच्या वहीतली तारीख त्यानं बगितली व्हती. मी बोललो, मंग कमिटीत सांग. तो बोलला, नाय. गुरुजी सांगतील. आपन थांबायचं."

किती थांबायचं, असं विचारलं नाहीस का त्याला, मी म्हणालो.

"इचारलं ना. दरसाल यायचा इथं बाजाराला, तवा इचारायचो. त्याचं एकच. अजून पोच नाय आली."

तू दरवर्षी धसईला जात होतास. मला वाटायचं, बैलांच्या बाजाराला जातो.

मला तुझा राग आला, धाकू, हे लपवत नाही. आज स्मृती जागवायला बसलो आहे आणि लोक अशा वेळी फक्त चांगलं लिहितात, पण मला राग आला. एकदा माझी गचांडी धरून का विचारलं नाहीस? तू थांबलास, पण तेवढी वर्षं गोमाने पोती वाहिली. तुला एवढी कसली खात्री होती माझी? मी तुझ्या खात्रीच्या लायकीचा नव्हतो हे मला रोज दिसत होतं. हे भांडण मी तुझ्याशी करायला हवं होतं आणि तू ओटीवर नाहीस. आणि राग उतरला की जे उरतं ते याहून वाईट आहे. तू रोज संध्याकाळी एका खोटं लिहिणाऱ्या माणसासाठी सुपारी कातरत होतास आणि ती नीट बारीक कातरत होतास, कारण माझे दात दुखायचे.

गोमा माझ्याबरोबर आला. तुझ्या शेजारच्या अंगणात उतरला आहे. काल सोमवार होता. कमिटीचे जे चार जण अजून हयात आहेत त्यांना मी शाळेत बोलावलं, पेटीतून ती वही काढली, ते पान उघडलं आणि वाचलं. मग सगळं सांगितलं. एक जण म्हणाला, मास्तर, आता कशाला उकरता, ज्याला जाब द्यायचा तो गेला. मी त्याला म्हटलं, तुळसाची मुलगी माझ्या शाळेत तिसरीत आहे. तिची आजी, धाकूची बहीण, वरच्या पाड्यावर जिवंत आहे. धाकूचं बारावं झाल्यावर मी तिच्याकडे जाणार आहे. ती मला दारात उभं करील की नाही, ठाऊक नाही.

'सातही ढोल चालू' यावर मी रेघ मारली. खोडून काढलं नाही, खालचं वाचता येईल अशी बारीक रेघ. त्याखाली लिहिलं, 'तिसरा ढोल सुतकामुळे बंद. गोमाने समक्ष कळवले होते. चिटणिसाने व्यवस्था केली नाही.' सही केली. या वेळी 'सबब' लिहिलं नाही.

मग तुझ्या शेजारच्या अंगणात येऊन गोमाने ढोल दिला. एक लांब ठोका. तो वर गेला, एकेक पाडा उचलत गेला, मग आपल्याला ऐकू येईनासा झाला. गोमा बसला नाही. मीही बसलो नाही. खिंडीतून यायला वेळ लागला. मग पहिल्याची, दुसऱ्याची, असं करत पोच खाली यायला लागली. तुझा थोरला ओटीवर उभा राहून ऐकत होता, तुझी बायको दारात होती.

धाकू, खिंडीतला ढोल बंद आहे हे मला गोमाच्या अंगणात टेकलो त्या सकाळपासूनच माहीत होतं. तू विचारलं होतंस, मी तपासणीला कधी गेलो होतो. तुळसा जायच्या सहा दिवस आधी. ही तुझी पोच.